जीन्सचा निळा आणि आपला सावळा

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, थोडी काटछाट केलीय. मध्ये दोनदा कसारा लोकलचा भोंगा वाजतो, तो ऐकणाऱ्यांनाच मिळेल.)

आटगावहून बोलतेय, नेहमीसारखी मशीनच्या शेजारी बसून. आज मशीन बंद ठेवलीय, नाहीतर मागच्या वेळेसारखं तुम्ही म्हणाल की ताई, बोलता की शिवता.

मागचा भाग ऐकून जे निरोप आले, त्यात निम्मे एकाच गोष्टीवर. मोबाईलवर आपला फोटो टाकायचा, मग तो सांगतो की तुम्ही 'ऑटम' आहात, 'विंटर' आहात, आणि त्याप्रमाणे कुठले रंग घालायचे. तर ताई, माझा सीझन अमुक आला, आता जीन्स कुठली घेऊ?

उत्तर देणारच आहे. पण आधी एक किस्सा, कारण हा भाग करायचं त्याच्यामुळे ठरलं.

जवळच्याच पाड्यावरची एक मुलगी. बारावी झालेली. पडघ्याच्या बाजूला जी गोदामं आहेत ना हायवेला, तिथे तिला पॅकिंगचं काम लागलं. तिथे पँट आणि बूट सक्तीचे. आजवर हिने जीन्स घातली नव्हती, म्हणजे घरातून परवानगीच नव्हती. कामासाठी म्हणून मिळाली. आईने आठशे रुपये दिले, भाताच्या पैशातले. आणि हिने ऑनलाईन मागवली चॉकलेटी रंगाची जीन्स. का, तर मोबाईलने सांगितलं होतं की तू ऑटम, तुला तपकिरी, शेवाळी, विटकरी रंग घ्यायचे.

जीन्स आली. घरात टॉप तीन. एक राणी रंगाचा, एक पोपटी, एक पांढरा. चॉकलेटीवर राणी घालून बघा एकदा. पोपटी तर नकोच. लेबल कापून टाकलेलं, त्यामुळे परतही जाईना. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, हिला निळी रंगवून देता येईल का?"

नाही देता येत. तपकिरीवर निळा चढवला की मळकट काळा होतो, निळा होत नाही. तसं सांगितलं तर ती गप्प बसली. मग मी विचारलं की अगं, पहिली जीन्स घेतेयस तर सरळ निळी का नाही घेतलीस? तर म्हणाली, "आत्या बोलली, निळ्यात तू आणखी काळी दिसशील."

म्हणजे बघा, मोबाईल काय सांगतो तो नंतरचा भाग. तिच्या डोक्यात निळ्यावर फुली आधीच मारलेली होती. मोबाईलने फक्त कारण पुरवलं. मलाही लहानपणी हेच सांगितलेलं, तुम्हालाही कुणी ना कुणी सांगितलेलं असणार. "तुला नाय शोभत तो रंग." आणि शोभत नाही तो रंग नेहमी कुठला? ज्यात आपण उठून दिसतो तोच.

बरं, आता हे सीझन प्रकरण काय आहे ते सांगते. ही काही मोबाईलवाल्यांची कल्पना नाही, जुनी आहे. जर्मनीत बाऊहाऊस नावाची कलाशाळा होती, तिथे योहानेस इटेन नावाचे शिक्षक 1919 ते 1923 शिकवायचे. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थ्यांना मोकळेपणी रंग निवडायला सांगितले तर ते बऱ्याचदा आपल्या स्वतःच्या वर्णाशी, केसांशी, डोळ्यांशी जुळणारे रंग निवडतात. त्यातून पुढे अमेरिकेत लोकांनी धंदा उभा केला, आणि 1980 साली कॅरोल जॅक्सन या बाईंचं 'कलर मी ब्यूटिफुल' हे पुस्तक आलं. ते तुफान चाललं. हल्ली कोरियातून तेच परत आलंय, 'पर्सनल कलर' म्हणून.

त्यात दोन प्रश्न मुख्य. तुमच्या कातडीच्या आतली झाक उबदार आहे की थंड? म्हणजे पिवळसर-सोनेरी, की गुलाबी-निळसर? आणि दुसरं, तुमच्यावर रंग स्पष्ट, झळझळीत चांगले दिसतात की मऊ, विटके? थंड आणि स्पष्ट तो विंटर. थंड आणि मऊ तो समर. उबदार आणि मऊ, थोडा गडद, तो ऑटम. उबदार आणि स्पष्ट, हलका, तो स्प्रिंग. नंतर लोकांनी त्याचे बारा केले, पण मूळ चारच.

आता गंमत बघा. त्या जुन्या पुस्तकात काळे केस, काळे डोळे म्हटलं की जवळजवळ सगळ्यांची रवानगी विंटरमध्ये. म्हणजे अख्खा शहापूर तालुका विंटर! गोऱ्या लोकांसाठी चार खोल्या, आणि उरलेल्या जगाला मिळून एक. मला तेव्हाच कळलं की ही फूटपट्टी आपल्यासाठी कापलेली नाही. फूटपट्टी वाईट नाही हो, पण आखूड आहे.

आणि नावं तरी कशी. त्यांचा समर म्हणजे धुकट, मऊ, निळसर. आपला उन्हाळा मऊ आहे का? मे महिन्यात तानसाच्या रस्त्याने चालून बघा. त्यांच्या ऑटमला पानं तांबडी होऊन गळतात, आपल्याकडे साग उघडा पडतो तो फाल्गुनाच्या आसपास, आणि त्याच वेळी पळस पेटलेला असतो. म्हणजे आपल्याकडे त्यांचा ऑटम आणि स्प्रिंग एकाच महिन्यात येतात. आणि पावसाळा तर त्यांच्या यादीतच नाही. चार महिने जो आपल्या अंगावर असतो तो ऋतूच नाही! पावसाळ्याकडे नंतर येते, कारण जीन्सच्या बाबतीत तोच खरा.

पण मग हे सगळं टाकूनच द्यायचं का? नाही. कारण यातली जी मूळ तपासणी आहे, ती आपल्या आज्या करतच होत्या. साडीच्या दुकानात काय करतो आपण? पदर खांद्यावर टाकायचा आणि उजेडात, दारापाशी यायचं. दुकानदार आतल्या दिव्याखाली आरसा धरतो, आजी म्हणते नको, बाहेर चल. कापड चेहऱ्याजवळ धरून दिवसाच्या उजेडात बघायचं, एवढीच ती परदेशी तपासणी आहे. त्यासाठी ते लोक पैसे घेतात. आणि रंगांची नावं तर आपल्याकडे केवढी! अंजिरी, डाळिंबी, मोतिया, श्रीखंडी, आबोली, चिंतामणी, मोरपिशी, शेवाळी. लग्नाचा बस्ता बांधायला गेलेली बाई चिंतामणी आणि मोरपिशी यात घोळ करायची नाही. चिंतामणी निळा वेगळा, मोरपिशी वेगळा, हे तिला पुस्तकाशिवाय कळायचं. काळी चंद्रकळा सावळ्या बाईला किती खुलते हेही कळायचं. मग मध्येच हे "काळीला काळं नको" कुठून घुसलं कोण जाणे.

मोबाईलवर मात्र विश्वास ठेवू नका. कॅमेरा स्वतःच रंग बदलतो. ट्यूबलाईटखाली काढलेला फोटो थंड येतो, पिवळ्या बल्बखाली काढलेला उबदार येतो. हीच ती मुलगी, मी तिचे दोन फोटो काढले, एक घरात आणि एक ओट्यावर. एकात ऑटम, एकात विंटर. पाच मिनिटांत सीझन बदलला. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या हे बघायला सांगतात, तेही सावळ्या हातावर नीट कळत नाही. त्यापेक्षा दोन कापडं घ्या, एक शुभ्र पांढरं आणि एक मोतिया, म्हणजे जरा पिवळट. सकाळी दारात उभं राहून, पावडर-बिवडर न लावता, एकेक गळ्याशी धरा. ज्यात डोळ्यांखालचा काळेपणा आणि चेहऱ्यावरचे डाग कमी जाणवतात ते आपलं. शुभ्र चाललं तर थंड, मोतिया चाललं तर उबदार. दोन्ही चाललं? पुष्कळांना चालतं. मग तर भांडणच मिटलं.

आता जीन्स. इथे माझं स्वतःचं जरा ऐका. लग्नाआधी मी सहा वर्षं उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात होते. आटगावहून सकाळची लोकल, शहाडला उतरायचं, पुढे रिक्षा. आधी धागे कापायला, मग चेकिंगला. चेकिंगच्या टेबलावर एक काम असतं शेड लावायचं. वॉशिंगहून माल आला की एकाच लॉटच्या जीन्सही एकसारख्या नसतात. एक थोडी हिरवट, एक थोडी लालसर, एक करडी. त्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावायच्या, कारण दुकानात एका ढिगात दोन शेड दिसल्या तर माल परत. पहिले दोन महिने मला सगळ्या निळ्याच दिसायच्या. मग एकदा डोळा बसला तो अजून आहे.

म्हणून सांगते, निळी जीन्स ही एका रंगाची वस्तूच नाही. डेनिमचा उभा धागा निळीत बुडवलेला असतो आणि आडवा पांढरा. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्यावर बसते. म्हणून घासली की आतला पांढरा डोकावतो. दगडाने घासा, एन्झाईमने धुवा, ब्लीच मारा, दर वेळी वेगळा निळा. शिवाय काही कापडाला निळीच्या आधी सल्फरचा काळपट रंग देतात, त्याने निळा करडा पडतो. आणि शेवटी काही मालाला तपकिरी टिंट मारतात, जुनी, मळकी दिसावी म्हणून. तुमचा उबदार-थंड हिशोब इथे लागू होतो.

दुकानात ओळखायचं कसं? जीन्स उलटी करा. आतला धागा पांढरा दिसतो की मळकट पिवळा? पांढरा असेल तर थंड निळा, पिवळट असेल तर टिंट मारलाय, उबदार. मग शिलाईचा दोरा बघा. मोहरीसारखा पिवळा किंवा तंबाखूच्या रंगाचा दोरा असेल तर ती उबदारकडे झुकते. निळ्यावर निळा किंवा पांढरा दोरा असेल तर थंड. बटण तांब्याचं की चांदीसारखं, तेही बघा. आणि मांडीवरचा जो विटका भाग असतो तो निळसर-पांढरा आहे की पिवळसर. या चार गोष्टी बघायला एक मिनिट लागतं. आणि हो, साडीसारखंच, दाराशी न्या. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळ्या जीन्स आहेत त्यापेक्षा निळ्या दिसतात.

आता ज्यांना सीझनप्रमाणेच हवंय त्यांच्यासाठी. थंड आणि स्पष्ट, म्हणजे विंटर असाल तर गडद, कोरी, न घासलेली निळी, नाहीतर कोळशासारखी काळी. मांडीवर डाग-पट्टे नकोत. थंड पण मऊ असाल तर मधला निळा, दगडाने धुतलेला, किंवा राखाडी. उबदार आणि गडद, ते ऑटम, त्यांना टिंटवाली गडद निळी, मोहरी दोऱ्याची, फार सुंदर दिसते. शेवाळी आणि तपकिरीही चालतात, पण त्या दुसऱ्या-तिसऱ्या जीन्स आहेत, पहिली नव्हेत. स्प्रिंगवाल्यांना स्वच्छ फिका निळा, आणि पांढरी घ्यायची तर मोतिया. झालं.

झालं म्हणाले, पण खरं सांगू का, माझा यावर अर्धाच विश्वास आहे. कारण जीन्स चेहऱ्याजवळ नसते. पदर खांद्यावर असतो, ओढणी गळ्याशी असते, त्यांचा उजेड चेहऱ्यावर पडतो. जीन्स कमरेखाली. तिचा निळा तुमच्या गालावर येऊन तुम्हाला काळी करेल, हे शक्यच नाही. चेहऱ्याला जो रंग लागतो तो टॉपचा, ओढणीचा, कुंकवाचासुद्धा. जीन्सचं नातं दोनच गोष्टींशी. वर काय घालता, आणि तुमच्या केसांचा काळा किती गडद आहे. आपले केस काळेभोर असतात, त्यामुळे खाली गडद निळी किंवा काळी घातली की वर-खाली वजन जुळतं. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक बायका-मुलींना गडद निळी चालते. सीझन कुठलाही असो.

जे आहे ते कपाट उघडून बघा. टॉप मांडा गादीवर. त्यातल्या निम्म्याहून जास्त टॉपवर जी जाईल ती तुमची जीन्स. राणी, पोपटी, पांढरा, पिवळा, आबोली, सगळ्यांवर जाणारा रंग कुठला? नीळ. ती उगीच दीडशे वर्षं टिकलेली नाही.

दीडशे वर्षं म्हटलं ते खरं आहे. 20 मे 1873 ला अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना रिवेट मारलेल्या विजारीचं पेटंट मिळालं. त्यातले स्ट्रॉस कापडाचे व्यापारी आणि डेव्हिस शिंपी. कल्पना शिंप्याची, नाव व्यापाऱ्याचं, हे आम्ही शिवणारे लोक विसरत नाही. (हसते.) आणि त्याच्याही आधी आपल्या मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाचं जाडंभरडं सुती कापड होतं. खलाशी आणि मजूर त्याच्या विजारी घालायचे. इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द त्यावरूनच आला असं मानतात. म्हणजे जीन्स परक्यांची, आपल्या मुलींनी घालू नये, असं कुणी म्हटलं तर सांगा की बाबा, कसारा लोकल जिथे संपते तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे डोंगरी. नीळही आपलीच, इंग्रजांनी चंपारणला शेतकऱ्यांकडून जबरदस्तीने लावून घेतली तीच. आता ती रसायनातून बनते. जर्मनीच्या बीएएसएफने 1897 ला ती बाजारात आणली आणि शेतातली नीळ मागे पडली.

हा रंग कुठून येतो याबरोबर कुठे जातो तेही मी पाहिलंय. वालधुनीचं पाणी कारखान्यात कुठला वॉश चाललाय त्याप्रमाणे रंग बदलायचं. आम्ही पुलावरून सांगायचो, आज काळी धुतायत. पुढे प्रदूषणावरून कारवाई झाली, वॉशिंगची कामं बरीच बंद पडली, बऱ्याच जणांची रोजी गेली, आणि बाकीचं काम आजूबाजूला सरकलं. मला त्यात एकच बाजू घेता येत नाही. त्या पाण्याचा वास नाकात आहे आणि त्या पगारावर माझ्या बहिणीचं लग्न झालं, दोन्ही खरं. पण एवढं मात्र मी करते, फार फाडलेली, फार ब्लीच मारलेली जीन्स घ्यायचा सल्ला देत नाही. जितकी जास्त घासलेली, तितका जास्त खर्च पाण्याचा, आणि कापडही आधीच अर्धं मेलेलं. तुम्ही घ्यायच्या आधीच ती दोन वर्षं जगून आलेली असते. आणि पाण्याचं आपल्याला कुणी शिकवायला नको. तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतंय, आणि इथल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात.

हं, पावसाळा. राहिलंच होतं. आटगाव स्टेशनवरून घरी येईपर्यंत जुलैमध्ये जीन्सचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होतात. जाड डेनिम तीन-तीन दिवस वाळत नाही, मग कुबट वास. म्हणून इथे राहणाऱ्या मुलीने एकच जीन्स घ्यायची असेल तर पातळ कापडाची घ्यावी, थोडी ताण असलेली, म्हणजे कापसात थोडं लायक्रा. लांबी घोट्याच्या वर. फिकी नको, चिखलाचे डाग जात नाहीत. आणि गडद घेतली तर पहिले तीन-चार धुणे वेगळे, थंड पाण्यात, उलटी करून, सावलीत वाळवायची. पहिल्या पावसात गडद जीन्सवर पांढरा टॉप घालू नका, खालची कड निळी होते. मीठ घालून भिजवल्याने रंग पक्का होतो म्हणतात, पण निळीला त्याचा काही उपयोग होत नाही. मी करून पाहिलंय. ती विटणारच, तिचा स्वभाव आहे.

त्या मुलीचं काय झालं? चॉकलेटी जीन्स मी तिच्या मावसबहिणीला घालून बघितली, तिच्याकडे मोतिया आणि आबोली टॉप होते, तिला ती छान दिसली. तिने साडेतीनशे दिले. त्यात माझे थोडे उसने घातले आणि आम्ही दोघी रविवारी शहाडला उतरून उल्हासनगरला गेलो. सात-आठ जीन्स उलट्या करून बघितल्या, दुकानदार वैतागला. शेवटी गडद निळी घेतली, आतला धागा पांढरा, दोरा निळा, चारशे ऐंशीला. दुकानाबाहेर उन्हात उभी राहून तिने राणी टॉपवर ती धरून बघितली. काही बोलली नाही. परतीच्या गाडीत पिशवी मांडीवरच होती, वर रॅकवर ठेवली नाही.

सोमवारी तीच घालून कामाला गेली. आत्या ओट्यावर होती, ती म्हणाली, "पँट लांब झाली गं." रंगाबद्दल काही नाही.

लांब झाली होती खरी. मीच म्हटलं होतं की आधी दोन वेळा धू, आटू दे, मग खालून कापू. तुम्हीही कापायला आणाल तेव्हा धुऊनच आणा, आणि जो बूट घालणार तो पायात घालून या. बुधवारी मी घरी नसते. चला, भेटू.